गाण्यामागचें वाटणीपत्र

आमच्या यवतमाळच्या घराला एक जुनी माडी आहे. आजोबांच्या काळीं तींत कपाशीचे नमुने आणि हिशेबाच्या चोपड्या असत. वडिलांच्या काळीं कायद्याचीं पुस्तकें आलीं. आणि आतां गेलीं दोन वर्षें तेथें आमचा धाकटा पुतण्या एक संगणक, एक ध्वनिग्राहक आणि भिंतीवर चिकटविलेलें तारखांचें भलें मोठें पत्रक घेऊन बसलेला असतो. बी. कॉम्‌. झाला, बँकेच्या परीक्षेची एक फेरी दिली, दुसरीस बसलाच नाहीं. घरीं येणारा पाहुणा विचारतो, "धाकटे काय करतात?" तेव्हां आमच्या भावजयी "संगणकाचें कांहींतरी करतो" असें सांगून चहा पुढें करितात. खरें उत्तर असें कीं, रॅप म्हणणाऱ्या मुलांचीं गाणीं लोकांपर्यंत पोंचविण्याचें काम तो करतो. स्वतः गात नाहीं, वाजवीत नाहीं, चित्रफितींत कोठें दिसत नाहीं. सभागृहांत टाळ्या पडतात तेव्हां तो बहुधा मागच्या दाराशीं ध्वनिक्षेपकवाल्याचा हिशेब चुकता करीत असतो.

पहिलें वर्षभर आम्ही या उद्योगाला उनाडकी म्हणत होतों, व तसें बोलूनहि दाखवीत होतों. आमचें मत बदललें तें गाणीं ऐकून नव्हे. गाणीं आम्हांस अजूनहि फार वेगाचीं वाटतात, आणि त्यांतील कांहींचा शिवराळपणा आम्हांस मुळींच खपत नाहीं. मत बदललें तें एक करारनामा वाचून. उभी हयात दिवाणी कज्ज्यांत घालविलेल्या माणसाला गाण्यापेक्षां कागद लवकर कळतो. त्या कागदाची हकीकत या महिन्यांत सांगावयाची आहे. पण ती नीट समजण्यास थोडी पूर्वपीठिका लागेल.

या कामाचें स्वरूप आम्हांस पुतण्यानेंच आमच्या कापसाच्या मुलखांतील उपमेनें समजावून दिलें. शेतकरी माल पिकवितो, अडत्या तो बाजारांत उभा करतो, आणि माल शेवटीं कोठें जाऊन पडला हें शेतकऱ्यास बहुधा ठाऊकहि नसतें. गाण्याचेंहि आतां तसेंच झालें आहे. तबकड्यांचा जमाना गेला. स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक अशा पेढ्यांवर गाणीं ऐकलीं जातात आणि जितक्यांदा ऐकलीं जातील त्या मानानें पैशाचे कण पडतात. या पेढ्यांवर गाणें चढवावयाचें तर बहुधा मध्यें वितरक लागतो. तो कोणी वर्षाचें शुल्क घेतो, कोणी उत्पन्नांतील हिस्सा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला अक्षरें व अंक मिळून बारा चिन्हांचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, त्यास आय्‌एस्‌आर्‌सी म्हणतात. शेताला गट क्रमांक, तसा गाण्याला हा. तो चुकला, किंवा एकाच गायकाचें नांव तीन ठिकाणीं तीन प्रकारें लिहिलें गेलें, म्हणजे गाणें एकाच्या नांवावर आणि पैसे भलत्याच खात्यांत, अशी गत होते.

२०१५ च्या जुलैपासून जगभर नवीं गाणीं शुक्रवारीं प्रसिद्ध करण्याचा प्रघात पडला आहे. त्याच्या निदान सात दिवस आधीं गाणें स्पॉटिफायकडे पोंचलें, तर तेथील संपादकांस "हें अमुक यादींत घ्यावें" अशी विनंती करतां येते. शुक्रवारीं सकाळीं धांवाधांव करून उपयोग नसतो. खरें काम मागच्याच्या मागच्या गुरुवारीं झालेलें असतें. त्यांत २०२४ पासून स्पॉटिफायनें असा नियम केला कीं, मागील बारा महिन्यांत हजार वेळां न ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाबद्दल कांहींच मोबदला द्यावयाचा नाहीं. नऊशें नव्व्याण्णव वेळां ऐकलेलें गाणें हिशेबांत शून्य! ही हजाराची वेस ओलांडून देणें हें आमच्या पुतण्याचें पहिलें कर्तव्य. मोठ्या कंपनीचा हात पाठीशीं नसलेला, म्हणजे त्यांच्या भाषेंत 'स्वतंत्र' गायक जो असतो, त्याला असा एखादा माणूस नसेल तर त्याचें गाणें मित्रमंडळींत फिरून विरून जातें.

प्रत्यक्ष कार्यक्रम असला म्हणजे कामें निराळीं. जागेची परवानगी, वीज, जाहिरातीचें चित्र, ध्वनिक्षेपकाची आगाऊ रक्कम, गायकाचें एस्‌टीचें भाडें, त्याचें जेवण, आणि रात्रीं दहाच्या ठोक्याला आवाज बंद, कारण ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम तसा आहे. हें सर्व तो कोठें शिकला म्हणाल तर आमच्या गांवच्या दुर्गोत्सवांत. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भांत नांवाजलेला आहे, हें सांगावयास नको. तेथें पावतीपुस्तकें फाडण्यापासून मांडवाचे खांब मोजून घेण्यापर्यंत सारें या पोरांनीं केलेलें असतें. मंडळाच्या व्यासपीठावर हारतुरे घेणारे निराळे, आणि नवमीच्या रात्रीं जनित्रांत तेल आहे कीं नाहीं हें पाहणारा निराळा. आमचा पुतण्या लहानपणापासून दुसऱ्या वर्गांतला.

मराठी माणसाला हा वर्ग अपरिचित नाहीं. किर्लोस्कर नाटक मंडळीचे व्यवस्थापक शंकरराव मुजुमदार यांनीं रंगमंचावरील पदापेक्षां पडद्यामागील व्यवस्थेंत आयुष्य वेंचलें. परंतु हिपहॉप नांवाच्या विलायती प्रकारांतहि या वर्गाची परंपरा आहे, किंबहुना आरंभच तेथून आहे, हें आम्हांस नव्यानें समजलें.

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत, सेज्विक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या बहुमजली इमारतींत ११ ऑगस्ट १९७३ रोजीं एक मेजवानी झाली. हिपहॉपचा जन्म त्या रात्रीचा धरतात. कीर्ति मिळाली ती तबकड्या वाजविणाऱ्या डीजे कूल हर्क याला. तो जमैकांतून आलेल्या कुटुंबांतला, अठरा वर्षांचा. पण मेजवानी त्याची नव्हतीच. ती त्याची धाकटी बहीण सिंडी कॅम्पबेल हिची. शाळा उघडावयाची होती, नवे कपडे घ्यावयाचे होते, हातांत पैसे नव्हते. तिनें इमारतींतील सामायिक दालन भाड्यानें घेतलें, पुठ्ठ्याच्या लहान पत्रिकांवर हातानें निमंत्रणें लिहिलीं, मुलींना पंचवीस सेंट व मुलांना पन्नास सेंट असा दर ठेवला, आणि भावाला वाजवावयास बसविलें. ही गोष्ट आमच्या मातोश्रींना सांगितली तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "मग नांव भावाचें कसें झालें?" याचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें.

पुढें सहा वर्षांनीं जें घडलें तें मात्र आमच्या धंद्यांतलें आहे. १९७९ सालीं सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंच्या शुगरहिल रेकॉर्ड्‌स या कंपनीनें 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी काढली. रॅपची सर्वत्र गाजलेली पहिली तबकडी ती. तींत म्हणणाऱ्या तिघांपैकीं एकानें आपला भाग स्वतः रचलाच नव्हता. तो पिझ्झाच्या दुकानांत काम करी, आणि ग्रँडमास्टर कॅझ नांवाच्या ब्राँक्समधील कवीच्या मंडळींची व्यवस्था बघे. त्यानें कॅझची रचना उचलली व जशीच्या तशी म्हटली. इतकी जशीच्या तशी कीं, कॅझनें स्वतःचें जें दुसरें टोपणनांव एकेक अक्षर सुटें करून कवितेंत गुंफलें होतें, तेंहि तबकडींत तसेंच राहिलें! लक्षावधि प्रती खपल्या. कॅझचें नांव लेखकांत नाहीं, आणि मोबदलाहि त्याला मिळाला नाहीं. त्याच तबकडींतील वाद्यमेळ शिक या मंडळींच्या 'गुड टाइम्स' या गाण्यावरून घेतला होता. त्याचे कर्ते नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्‌स यांनीं कोर्टाची भीति घालतांच दोघांचीं नांवें कर्ते म्हणून छापलीं गेलीं. एकच तबकडी, दोन उसनवाऱ्या. ज्यांच्यापाशीं कागद होता त्यांचा हक्क उभा राहिला. ज्याच्यापाशीं वही होती तो वहीनिशीं राहिला. आणि लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, वही नेणारा परका नव्हता. तो त्या कवीच्या पडद्यामागचाच माणूस होता.

कवितेंत आपलें नांव गुंफण्याची ही रीत आम्हां मराठी लोकांना नवी नाहीं. संतांच्या अभंगांत शेवटीं नाममुद्रा असते. शाहिरांच्या लावणींत असते. आजचे रॅपवाले आपलें नांव कवनांत घालतात, आणि ताल रचणारा तर गाण्याच्या आरंभींच स्वतःचें नांव कुजबुजल्यासारखें टाकून ठेवतो. पण नाममुद्रा कीर्ति राखते, भाकर राखीत नाहीं. सातारा जिल्ह्यांतील (आतां सांगली जिल्हा) रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी यांनीं घरची वृत्ति सोडून ढोलकीची संगत धरली व पठ्ठे बापूराव झाले. त्यांची मुद्रा असलेल्या लावण्या महाराष्ट्रभर गाजल्या. ते स्वतः १९४५ सालीं विपन्नावस्थेंत वारले. आपल्या घरांत या गृहस्थांचें नांव काढणें पूर्वीं प्रशस्त मानीत नसत. कुळकर्ण्यानें दौत टाकून ढोलकी धरली याचा राग फार. पण त्यांच्या लावण्यांचा हिशेब कोणाच्या दौतीनें ठेवला, हें विचारावयाचें कोणास सुचलें नाहीं.

हिंदुस्थानांत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर पसरला तो गेल्या दहा-बारा वर्षांत. मुंबईच्या कुर्ला भागांतील नेझी या तरुणानें २०१४ सालीं 'आफत' हें गाणें घरच्या आयपॅडवर तयार करून, त्याच यंत्रावर चित्रित करून प्रसिद्ध केलें. २०१५ सालीं डिव्हाइन व नेझी यांचें 'मेरे गली में' आलें. फेब्रुवारी २०१९ मध्यें 'गली बॉय' हा चित्रपट निघाला आणि घरोघरच्या आजीबाईंनाहि रॅप म्हणजे काय तें ठाऊक झालें. पडद्यामागेंहि हालचाल झाली: दिल्लींत २०१७ सालीं आझादी रेकॉर्ड्‌स ही स्वतंत्र संस्था निघाली, २०१९ सालीं डिव्हाइननें स्वतःची गली गँग काढली. 'स्वदेशी' या मुंबईच्या मंडळींनीं आरेच्या जंगलांतील वारली लोकांची बाजू मांडणारें गाणें त्या पाड्यांवरील प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन केलें. आणि आमच्या शेजारच्या अमरावतीचे सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी बोलींत रॅप म्हणतात. ते आपलें नांव शंभराचा आकडा व पुढें इंग्रजी तीन अक्षरें असें लिहितात. शंभर म्हणजे हिंदींत 'सौ', म्हणून सौ-रभ. हा कोट आमच्या कोल्हटकरी विनोदावर वाढलेल्या पिढीसहि आवडावा.

चित्रपट निघण्यापूर्वीं पांच आठवडेहि झाले नव्हते, तेव्हां जानेवारी २०१९ मध्यें आमच्याच यवतमाळांत ९२ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें होतें. अध्यक्षा अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठीं नयनतारा सहगल यांना दिलेलें निमंत्रण मागें घेतल्यावरून मोठें वादळ उठलें, आणि शेवटीं उद्घाटन झालें तें कळंब तालुक्यांतील एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्तें. त्या मांडवांत आम्ही बसलों होतों. व्यासपीठावर कोणी उभें राहावें हें व्यासपीठामागें ठरतें, हें त्या दिवशीं पुरतें पटलें.

आतां आमच्या कागदाकडे वळूं.

पुतण्याच्या माडीवर येणाऱ्यांत कळंब तालुक्यांतीलच एक एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. घरची कोरडवाहू चार एकर, आई मजुरीनें कापूस वेंचावयास जाते. त्यानें वेंचणीवर एक गाणें रचलें. किलोमागें मजुरी कशी ठरते, कांट्यावर ओल्या कापसाची कटती कशी लावतात, बोंडाच्या टोंकानें बोटें कशीं चिरतात, हें सारें त्यांत वऱ्हाडींत आहे, आणि त्यांत एकहि शिवी नाहीं. ध्वनिमुद्रण आमच्या माडीवर झालें. तीन रात्रीं घरांतील पंखे बंद ठेवावे लागले, कारण त्यांचा आवाज आंत येतो. गाणें मोबाइलवरून गांवोगांव फिरलें, आणि एके दिवशीं बाहेरच्या एका कंपनीचा करारनामा आला. अकरा पानें, इंग्रजी. रक्कम रुपये २५,०००, एकवार.

पुतण्या तो घेऊन खालीं आला. "काका, जरा बघतां का?" दोन वर्षांत त्यानें आम्हांस कामांतलें कांहीं विचारण्याची ही पहिलीच वेळ.

आम्हीं चष्मा पुसून तीनदां वाचला. गाण्याचे शब्द, चाल, ध्वनिमुद्रण आणि चित्रण यांचे सर्व हक्क कायमचे द्यावयाचे. मुदत नाहीं, आणि क्षेत्र 'समग्र विश्व'. आम्हीं खरेदीखतांत चतुःसीमा पुष्कळ वाचल्या आहेत, पण उत्तरेस ध्रुव तारा अशी सीमा प्रथमच पाहिली. पुढें एक कलम असें कीं, कर्त्यानें हें गाणें कंपनीच्या लेखी परवानगीवांचून पुन्हां कोठेंहि मुद्रित करूं नये वा जाहीरपणें म्हणूं नये. आणि नवव्या पानावर, जेथें वाचणारा थकलेला असतो तेथें, अशी हमी कीं यांतील प्रत्येक सूर कर्त्याच्या मालकीचा आहे. तसें नसल्याचें निघाल्यास नुकसानभरपाई कर्त्यानें द्यावी.

"ताल कोणाचा?" आम्हीं विचारलें.

तो चपापला. ताल मुलानें महाजालावरून घेतला होता. नांदेडच्या एका तरुणानें तो 'पैसे न मिळवितां वापरण्यास मोकळा' म्हणून ठेवला होता. म्हणजे मुलानें सही केली असती तर २५,००० रुपयांच्या बदल्यांत एक दावा विकत घेतला असता.

वाचकांच्या घरांतहि कोणी लिहिणारें-गाणारें असेल, म्हणून कायद्याची स्थिति थोडक्यांत सांगतों. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें हक्क हस्तांतरित करतांना मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षेंच धरतात, आणि क्षेत्र लिहिलें नसेल तर भारतापुरतें धरतात. म्हणूनच कंपन्या 'कायमचें' व 'विश्व' हे शब्द न चुकतां घालतात. २०१२ च्या दुरुस्तीनें गीतकार व संगीतकार यांना एक कवच मिळालें: ध्वनिमुद्रणांत समाविष्ट झालेल्या त्यांच्या रचनेच्या वापराबद्दलचा मोबदला समान वांटून घेण्याचा त्यांचा हक्क त्यांस सोडूनहि देतां येत नाहीं. लिहून दिला तरी तें लिहिणें व्यर्थ. तो मोबदला गोळा करून वांटणारी आय्‌पीआर्‌एस्‌ ही संस्था १९६९ पासूनची आहे. पण तिच्या दप्तरीं ज्याचें नांव नाहीं त्याला ती शोधीत येत नाहीं. दुसरें असें कीं, रचना निराळी आणि ध्वनिमुद्रण निराळें. रचना ही जमीन समजावी, ध्वनिमुद्रण हें एका हंगामाचें पीक. एकाच जमिनींत पुन्हां पेरतां येतें, जमीनच विकली नसेल तर.

पुढच्या रविवारीं मुलगा, त्याचे आईबाप व थोरला भाऊ आमच्या ओटीवर बसले होते. नांदेडच्या ताल रचणाऱ्या तरुणाला पुतण्यानें शोधून काढलें होतें; तो दूरध्वनीवर होता. पुतण्यानें एक कोरा कागद पुढें घेतला. इंग्रजींत त्यास 'स्प्लिट शीट' म्हणतात; आम्हीं त्याच क्षणीं त्याचें बारसें 'वाटणीपत्रक' असें केलें. गाणें प्रसिद्ध होण्यापूर्वीं कोणाचा किती वांटा हें लिहून सर्वांनीं सही करावयाची. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास याचें महत्त्व सांगावयास नको. आम्हीं आमच्या वकिलींत जीं वाटणीपत्रें केलीं, तीं बहुतेक भाऊ एकमेकांशीं बोलेनासे झाल्यावर केलीं. येथें पोरें एका ताटांत पोहे खात वांटणी करीत होतीं.

रचनेचा अर्धा भाग शब्दांना, अर्धा तालाला. यावर वाद झाला नाहीं. मग पुतण्यानें शब्दांच्या अर्ध्या भागांतून दहा टक्के काढून तेथें आपलें नांव लिहिलें.

"हें कशाबद्दल?" आम्हीं विचारलें.

"मधलें कडवें मीं काढायला सांगितलें, काका. त्यामुळें गाणें उभें राहिलें. आणि ध्वनिमुद्रण माझ्या माडीवर झालें."

माजघराच्या दारांतून मातोश्री म्हणाल्या, "माडी तुझी कधींपासून? ती सामायिक आहे. पंखे आम्ही सगळ्यांनीं बंद ठेवले. मग माझाहि वांटा लिही."

सर्व हंसले, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. त्या मुलाचा बाप लिहिणारा-वाचणारा नव्हे. कागद आमच्या ओटीवर, लेखणी आमच्या घरच्या मुलाच्या हातीं, आणि समोर अंगठ्याला शाई लावण्याची संवय असलेला शेतकरी. गांवगाड्यांत हें दृश्य किती पिढ्या असेंच दिसत आलें आहे, आणि त्यांत लेखणीच्या बाजूस कोण बसत असे, हें आपल्या वाचकांस आम्हीं सांगावें असें नाहीं. कॅझची वही नेणाऱ्यालाहि कदाचित्‌ असेंच वाटलें असेल कीं, मी नसतों तर या कवनाला कोणी विचारलें असतें? आम्हीं एवढेंच विचारलें, "त्या गाण्यांतला एखादा शब्द तुझा आहे काय?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानें आपलें नांव खोडलें. आंकडे पुन्हां लिहिले, आणि खालीं निराळ्या ओळींत लिहिलें: व्यवस्थेबद्दल उत्पन्नाच्या शेंकडा पंधरा, मुदत दोन वर्षें, मालकी नाहीं. हा मोबदला योग्यच आहे. या धंद्यांत पंधरा-वीस टक्क्यांचा रिवाज आहे, आणि श्रम फुकट घ्यावे असें आम्हीं त्यास कधींच सांगणार नाहीं.

बापाचें लक्ष मात्र त्या कागदाकडे नव्हतें. तें करारनाम्याकडे होतें. "वकीलसाहेब, पंचवीस हजार नगद भेटून राह्यले जी. गान्याचं काय, तो उद्या दुसरं लिहीन. कृषी केंद्राची उधारी कोन भरते?"

याला काय उत्तर द्यावें? ज्याच्या शिरावर उधारी नाहीं त्यानें दुसऱ्यास हक्काचें महत्त्व सांगणें फार सोपें असतें. आम्हीं कंपनीस पत्र लिहून दिलें: पांच वर्षांचा परवाना, फक्त ध्वनिमुद्रणाचा, शब्द कर्त्याचे. पंधरा दिवसांनीं उत्तर आलें. अटी बदलणार नाहींत. रक्कम मात्र ३०,००० करूं.

पुन्हां ओटीवर बैठक झाली. या वेळीं बापाचा चेहरा उजळला होता. मुलगा म्हणाला, "त्यातल्या अर्ध्या गोष्टी मायनं सांगतल्या हाय. तिले इचारा." आई तोंवर एक अक्षर बोलली नव्हती. तिनें पदर सांवरून आम्हांस विचारलें, "गानं इकल्यावर यानं ते कुठी म्हनलं, त चालते काय जी?"

आम्हीं सांगितलें, त्या कागदाप्रमाणें कंपनीला विचारावें लागेल.

"गनपतीत बी?"

"गणपतींतहि."

ती पुढें कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें बापानें करारनाम्याची घडी घातली आणि पुतण्याकडे परत दिली.

आमचा सल्ला बरोबरच होता असें आम्ही छातीवर हात ठेवून म्हणूं शकत नाहीं. उसनी रक्कम देऊं केली तर बाप म्हणाला, "उधारीवर उधारी नाही पाह्यजे." गाणें नांदेडच्या तरुणाचा लेखी परवाना घेऊन एका शुक्रवारीं रीतसर निघालें, हजाराची वेस तिसऱ्या दिवशीं ओलांडली. पण पहिल्या तीन महिन्यांचा पेढ्यांवरचा हिशेब आला तो अवघा ४१२ रुपयांचा. त्यानंतर अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत मुलाला बोलावणें आलें. बिदागी ८,००० रुपये. त्या दिवशीं पुतण्या सकाळच्या गाडीनें पुढें जाऊन व्यासपीठाच्या तारा तपासून आला, आणि पैसे मंचावर जाण्यापूर्वींच घेतले. बापानें आमच्या ओटीवर ते मोजले, बाराशें रुपये बाजूला काढून पुतण्याच्या हातीं ठेवले. पुतण्या नको म्हणत होता, "कागदात लिवलं हाय ना?" असें म्हणून त्यानें ते घ्यावयासच लावले. कृषी केंद्राची राहिलेली उधारी तूर विकल्यावर फिटली, कीं थोडी मागें राहिली, हें त्यानें सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं.

परवा तो पुन्हां आला होता. वाटणीपत्रकाची प्रत त्यानें सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर एकाच प्लास्टिकच्या पिशवींत ठेविली आहे. ती काढून आम्हांपुढें धरून त्यानें विचारलें, "वकीलसाहेब, याचा फेरफार कुठी कराव लागते? तलाठ्याकडं?"

आम्हीं पुतण्याकडे पाहिलें. तो म्हणाला, तलाठ्याकडे नव्हे, आय्‌पीआर्‌एस्‌च्या सभासदत्वाचा अर्ज करावयाचा आहे. पण आधारपत्रावर मुलाच्या आडनांवाचा शेवट एक आहे आणि बँकेच्या पुस्तकांत दुसरा, तो आधीं एक करून घ्यावा लागेल. सोमवारीं ते दोघे त्यासाठीं कळंबला जाणार आहेत.